चारचौघांचे भय आणि मेंदूची वीण

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत ‘सभाधीट’ हा शब्द गौरवाने उच्चारला जातो आणि ‘मुखदुर्बळ’ हा शब्द कीव करून. या दोहोंच्या मध्ये ‘भिडस्त’, ‘बुजरा’, ‘लाजाळू’, ‘संकोची’ अशी शब्दांची एक रांगच उभी आहे. घशाला कोरड पडणे, दातखीळ बसणे, त त प प होणे, भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटणे, हे वाक्प्रचार ज्या भाषेत रुजले त्या भाषेच्या माणसांना चारचौघांचे भय नवे नाही. मात्र भाषेने हा अनुभव नेहमी स्वभावाच्या खाती मांडला. ‘भीड भिकेची बहीण’ असे बजावून तिने भिडस्ताला उपदेश केला. त्याची विचारपूस क्वचितच केली. या भयाचे एक टोक असे आहे की तेथे उपदेश चालत नाही, कारण तेथे स्वभाव संपून विकार सुरू झालेला असतो. मानसशास्त्रात त्याला सामाजिक चिंताविकृती म्हणतात. या विकृतीत मेंदूची रचना व त्यातील जोडण्या यांचे काय होते, विज्ञानाला त्याविषयी किती कळले आहे आणि त्या ज्ञानाचा सामान्य कुटुंबाला काय उपयोग, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

विषय मेंदूचा असला तरी त्याची सुरुवात एखाद्या वस्तीपासून करणे सोयीचे ठरते. सुरत शहराच्या पूर्वांगास गोडादरा हा भाग आहे. लिंबायत, डिंडोली, उधना, पर्वत पाटिया या शेजारच्या भागांप्रमाणेच येथेही मराठी भाषक कुटुंबांची वस्ती मोठी आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेश आणि सुरत एकमेकांना जोडले गेले आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत, साड्यांच्या बाजारात कामाला आली व येथेच राहिली. या घरांतील मूल अनेकदा चार भाषांत वाढते. घरी आजीची अहिराणी, महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत पुस्तकी मराठी, रस्त्यावर व कचेरीत गुजराती आणि कापड बाजारात हिंदी. प्रत्येक उंबरठ्यावर भाषा बदलते आणि प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी उच्चारावर हसणारा भेटतो. अशा मुलाने तोंड मिटून घेतले तर नवल नाही.

परंतु येथेच पहिला विवेक करावा लागतो. परक्या भाषेपुढचा संकोच सरावाने ओसरतो. आपल्या माणसांत, आपल्या बोलीत तो उरतही नाही. सामाजिक चिंताविकृतीचे भय मात्र भाषेबरोबर उतरत नाही. सख्ख्या मामाच्या घरच्या लग्नात, अस्सल अहिराणीत बोलणाऱ्यांच्या पंगतीतही, सर्वांच्या नजरा आपल्यावर खिळल्या आहेत आणि आता आपले हसे होणार या धास्तीने ते माणसाला घेरते. शाळेतील मुलगी हजेरीच्या वेळी ‘उपस्थित’ म्हणण्याच्या विचारानेच घामाघूम होते. कारखान्यातील तरुण चुकीचा धरलेला पगार शेठला दाखवण्याऐवजी तो बुडू देतो. बँकेत अर्ज भरताना कोणी हाताकडे पाहील म्हणून एखादा घरीच बसतो. लोक पहिलीला मठ्ठ म्हणतात, दुसऱ्याला भोळा आणि तिसऱ्याला आळशी. तिघांपैकी कोणीही तसे नसते.

या विकाराचे वैद्यकीय नामकरण फारसे जुने नाही. इंग्लंडमधील आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर यांनी १९६६ मध्ये निरनिराळ्या भयगंडांची वये तपासली, तेव्हा सामाजिक भयगंड हा इतरांहून वेगळा असून तो बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो, असे त्यांस दिसले. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० च्या आपल्या निदानग्रंथात त्यास स्वतंत्र स्थान दिले, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘सामाजिक चिंताविकृती’ हे नाव प्रमुख ठरले. भय सहा महिने किंवा अधिक काळ टिकणारे असावे, प्रसंगाच्या मानाने अवाजवी असावे आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी वा नातेसंबंध यांची खरोखर हानी होत असावी, अशा त्याच्या खुणा आहेत. पुष्कळांत त्याचा आरंभ ८ ते १५ या वयात होतो, म्हणजे नेमका शाळेच्या बाकावर. २८ देशांतील सर्वेक्षणांचा एकत्रित निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार शंभरांतील सुमारे चार माणसांना आयुष्यात केव्हातरी हा विकार होतो. भारतात २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यांत गुजरातचा समावेश होता. निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर राहतात, असे त्यात आढळले. ज्या विकाराचे लक्षणच मुळी ‘विचारायला न जाणे’ हे आहे, त्याच्या रुग्णांची वाट किती बिकट असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

लाजाळूपणा आणि कर्तृत्व यांचे वैर नाही, याचा दाखला शोधण्यास गुजरातबाहेर जावे लागत नाही. मोहनदास गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले तेव्हा त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. ते खाली बसले आणि घेतलेली फी त्यांनी परत केली. लंडनच्या शाकाहारी मंडळातही लिहून आणलेले भाषण वाचण्याचे धैर्य त्यांस होत नसे. हे सारे त्यांनीच ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत सांगितले असून, या संकोचाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकवली असेही नमूद केले आहे. दिवंगत थोरांच्या गळ्यात आजाराची चिठ्ठी अडकवणे अनुचित होय. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की कोर्टात वाचा बसलेल्या त्या तरुणाविषयी त्या दिवशी कोणी जो निकाल दिला असता, तो साफ चुकीचा ठरला असता.

आता मेंदूकडे वळू. कानशिलाच्या आत, मेंदूच्या दोन्ही अंगांस, खोलवर बदामाच्या आकाराचा एक लहानसा पेशीसमूह आहे. त्याच्या आकारावरूनच त्याला अमिग्डला म्हणतात. मराठीत बदामपिंड म्हणणे सोयीचे. हा पिंड म्हणजे घराच्या दारावरचा राखणदार. अंधारात दोरी दिसली की ती साप आहे की दोरी, याचा निवाडा होण्याआधीच तो शरीराला दचकवतो. हृदय धडधडते, तळहात ओले होतात. निवाडा करण्याचे काम कपाळामागील ललाटखंडाचे. तो सावकाश पाहतो, आठवतो, तोलतो आणि राखणदाराला सांगतो की थांब, ही दोरी आहे. ज्याला धीटपणा म्हणतात तो राखणदार झोपल्याने येत नाही. घरमालकाचा निरोप त्याच्यापर्यंत वेळेवर पोचल्याने येतो. याखेरीज मेंदूच्या घडीत लपलेला ‘इन्सुला’ हा भाग शरीरातील धडधड, उष्णता, घाम यांची खबर मनाला देतो, आणि ललाटखंडाचा मध्यभाग ‘लोकांना मी कसा दिसतो’ या विचारात गुंतलेला असतो.

माणसासाठी सापाहूनही मोठा संकेत म्हणजे दुसऱ्या माणसाचा चेहरा. १९९० च्या दशकात जिवंत मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल चुंबकीय यंत्राने टिपणे शक्य झाले आणि या प्रश्नाला प्रयोगाचे दार उघडले. जर्मनीतील निल्स बिरबाउमर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सामाजिक भयगंड असलेल्या काही व्यक्तींना निर्विकार चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. ना राग, ना तिरस्कार, नुसते चेहरे. तरीही त्यांचा बदामपिंड इतरांहून अधिक चेतला. पुढे रागीट व तुच्छतादर्शक चेहऱ्यांबाबतही असेच निष्कर्ष आले. स्वीडनमध्ये २००१ साली श्रोत्यांसमोर भाषण करताना मेंदूचे चित्रण केले गेले, तेव्हा या विकाराच्या रुग्णांत बदामपिंडाकडील रक्तप्रवाह विशेष वाढलेला दिसला. गोडादऱ्यातील त्या मुलीला वर्ग आपल्याकडे ‘तसा’ पाहतो असे वाटते, तेव्हा ती कांगावा करीत नसते. वर्गाने डोळे वटारलेले नसतानाही तिच्या मेंदूतील घंटा खरोखर वाजत असते.

मेंदूचे भाग एकेकटे काम करीत नाहीत, म्हणून जोडण्यांचा विचार करणे भाग पडते. सुरतेच्या माणसाला हे समजावण्यास कापडाचीच उपमा पुरे. धागा चांगला असूनही वीण सैल पडली तर तागा बाद होतो. ललाटखंडाचा खालचा भाग आणि बदामपिंड यांना जोडणारी तंतूंची एक आकड्यासारखी वळलेली जुडी आहे. तिला शास्त्रज्ञ ‘अन्सिनेट’ जुडी म्हणतात. २००९ मध्ये ३० रुग्ण व ३० निरोगी व्यक्ती यांची तुलना करता, रुग्णांच्या उजव्या बाजूस या जुडीतील तंतूंची सुसंगती कमी आढळली. दुसरी पद्धत स्वस्थ अवस्थेतील जोडण्या मोजण्याची. भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की माणूस काहीही न करता पडून असतानाही मेंदूतील दूरदूरचे भाग एका लयीत चेततात व विसावतात. ही लय जेथे जुळते तेथे संवाद आहे असे मानले जाते. सामाजिक चिंताविकृतीत बदामपिंड व ललाटखंड यांची ही लय काही अभ्यासांत क्षीण आढळली आहे. राखणदार ओरडतो आहे आणि मालकाचा निरोप त्याच्यापर्यंत धड पोचत नाही, असे त्याचे सोपे रूप करता येईल.

येथपर्यंतचे चित्र नीटनेटके दिसते. विज्ञानाची प्रामाणिकता मात्र पुढच्या भागात आहे. मेंदूच्या आकारमानाविषयी निरनिराळ्या अभ्यासांनी निरनिराळी उत्तरे दिली. काहींना बदामपिंड लहान आढळला, काहींना फरकच दिसला नाही. मेंदूच्या तळाशी ‘पुटामेन’ नावाचा भाग आहे. हालचाली, सवयी आणि बक्षिसाची अपेक्षा यांच्याशी त्याचा संबंध आहे. २०१७ च्या एका बहुकेंद्रीय अभ्यासात तो रुग्णांत किंचित मोठा निघाला. २०२३ मध्ये ‘एनिग्मा’ या जागतिक गटाने १,११५ रुग्ण व २,७७५ निरोगी व्यक्ती यांची मोजमापे एकत्र केली, तेव्हा तोच भाग रुग्णांत किंचित लहान निघाला. आणि ‘किंचित’ याचा अर्थ काय? फरक इतका सूक्ष्म की दोन्ही गटांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर शंभरांतील सुमारे ९६ भाग झाकले जातात. हजारोंच्या सरासरीत जे दिसते ते एकाच्या कपाळावर वाचता येत नाही. म्हणून मेंदूचे चित्र पाहून कोणी या विकाराचे निदान करून देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नयेत. निदान आजही समोर बसून, सावकाश विचारपूस करूनच होते.

दुसरा प्रश्न कार्य आणि कारण यांचा. जोडणी सैल म्हणून भय वाटते, की वर्षानुवर्षे लोकांना टाळल्याने जोडणी सैल पडते? हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी अगदी लहान वयापासून मुलांचे निरीक्षण केले. नवी वस्तू वा नवा माणूस दिसताच काही मुले थबकतात, आईला बिलगतात. काही पुढे धावतात. त्यांच्या परंपरेतील २००३ च्या अभ्यासात, दुसऱ्या वर्षी बुजरी म्हणून नोंदलेली १३ आणि धीट म्हणून नोंदलेली ९ मुले प्रौढ झाल्यावर तपासली गेली. अनोळखी चेहरे पाहताना पहिल्या गटाचा बदामपिंड अधिक चेतला. म्हणजे प्रवृत्तीचा काही अंश पाळण्यापासून असतो. तथापि, बुजऱ्या मुलांपैकी सर्वांनाच पुढे विकार होत नाही. आनुवंशिकता बीज देते. टोमणे, मानहानी, अतिजपणूक आणि टाळाटाळ त्याला पाणी घालतात.

टाळाटाळ हा या विकाराचा खरा कणा आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये तो उलगडून दाखवला. रुग्ण लोकांत जातो तेव्हा त्याचे लक्ष लोकांकडे नसतेच. ते स्वतःच्या धडधडीकडे, थरथरीकडे वळलेले असते. तो खाली पाहतो, वाक्य मनात दहादा घोकतो, हात खिशात लपवतो. या युक्त्यांनी तात्पुरता निभाव लागतो, पण ‘लोक मला खाऊन टाकत नाहीत’ हा अनुभव घेण्याची संधी हुकते. त्या संधीवाचून राखणदाराला शहाणपण येणार कोठून? निरोपाची वाट वापराअभावी मोडते.

आणि येथेच सर्वांत आशेची गोष्ट आहे. ही वाट पुन्हा रुळवता येते. २००२ मध्ये स्वीडनमधील टॉमस फुरमार्क यांनी १८ रुग्णांना तीन गटांत विभागले. एकास औषध, दुसऱ्यास विचार-वर्तन उपचार, तिसऱ्यास केवळ प्रतीक्षा. नऊ आठवड्यांनंतर भाषण करताना पुन्हा चित्रण झाले. औषधाने आणि संवादाने सुधारलेल्या दोन्ही गटांत बदामपिंडाचा उद्रेक कमी झाला होता. प्रतीक्षा करणाऱ्यांत नव्हे. गोळी आणि शब्द दोन वाटांनी एकाच दारी पोचले होते. २०१६ मध्ये तेथीलच २६ रुग्णांच्या अभ्यासात नऊ आठवड्यांच्या विचार-वर्तन उपचारानंतर बदामपिंडाची चेतना तर घटलीच, पण त्यातील करड्या द्रव्याचे आकारमानही घटले. हे अभ्यास लहान आहेत. त्यांच्यावर मनोरे रचू नयेत. परंतु उपचार गुणकारी आहेत हे मेंदूच्या चित्रांवर अवलंबून नाही. १०१ चाचण्यांतील १३,१६४ व्यक्तींचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात व्यक्तिगत विचार-वर्तन उपचार सर्वांत प्रभावी उपायांपैकी ठरला आणि काही औषधांचाही गुण सिद्ध झाला.

मराठी वाचकाला या उपचारपरंपरेची ओळख आहे. अमेरिकेचे अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी स्त्रियांशी बोलण्यास विलक्षण घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स वनस्पती उद्यानात एक महिना रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला. शंभर जणींशी ते बोलले. मैत्री एकीशीही जमली नाही, पण भय गेले. नकाराने आभाळ कोसळत नाही, हा धडा त्यांनी पुढे उपचारपद्धतीत गुंफला. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी ती विवेकनिष्ठ पद्धती भारतात रुजवली, अंजली जोशी यांनी एलिस यांचे चरित्र मराठीत आणले आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ठाण्यातील संस्थेने १९९० पासून मनआरोग्याचा विचार घराघरांत नेला. गोडादऱ्यातील कुटुंबालाही दार दूर नाही. सुरतेचे नवीन सिव्हिल हॉस्पिटल व महानगरपालिकेचे स्मीमेर या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून, ज्याला समोर बसून बोलण्याचेच भय आहे त्याला दूरध्वनीची पहिली पायरी थोडी ठेंगणी वाटण्याचा संभव आहे.

ग्रंथालयाशी या विषयाचे नाते दुहेरी आहे. वाचनालय हे मुखदुर्बळांचे माहेर होय. तेथे शांतता हा नियम आहे; न बोलणाऱ्याला तेथे कोणी हिणवत नाही. पण नेमके म्हणूनच ते लपण्याची जागाही होऊ शकते. कपाटाआड बसून दोनशे पुस्तके वाचणारा आणि ग्रंथपालाला एक पुस्तक न मागू शकणारा वाचक प्रत्येक जुन्या वाचनालयाने पाहिलेला असतो. त्याला व्यासपीठावर ढकलणे ही क्रूरता आहे आणि त्याला तसाच राहू देणे ही दयाळू वाटणारी उपेक्षा आहे. मधला मार्ग उपचारशास्त्राने दाखवलेला आहे, तो लहान व चढत्या पायऱ्यांचा. आज ग्रंथपालाला पुस्तकाचे नाव विचारणे, पुढच्या आठवड्यात ते कसे वाटले हे एका वाक्यात सांगणे, महिन्याने चार सभासदांच्या वाचक मंडळात एक परिच्छेद वाचणे. चूक झाली तर हसू नये, थांबला तर वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नये. एवढी शिस्त मंडळाने पाळली तरी पुरे. उपचारांची जागा अशा मंडळाला घेता येणार नाही, पण उपचारांत शिकलेले आजमावण्यास माणसांची एक सुरक्षित मांडणी लागते, ती त्याला देता येईल.

शतकभर या ग्रंथसंस्थेने बोलणाऱ्यांना व्यासपीठ दिले, ही अभिमानाची गोष्ट होय. मेंदूविज्ञान तिच्या दुसऱ्या शतकाकडे एक मागणे मागत आहे. जो सभेत शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतो आणि अध्यक्षीय समारोपाआधी निघून जातो, त्याच्या मौनाला दोष समजू नये आणि नियतीही समजू नये. मेंदूची वीण घट्टही होते, सैलही होते, आणि ती माणसांच्या संगतीतच बदलते. त्याला संगत मिळेल अशी व्यवस्था करणे सभासदांच्या हाती आहे.